मुकादम कोल्हा आणि साळिंदराची भाषा

मुलांनो, ही गोष्ट एका मुकादम कोल्ह्याची. त्याच्या जंगलात मुंग्या सगळ्यांसाठी दाणे वाहत, पण स्वतःहून काही ठरवत नसत. संगणकाला देतात तशी त्यांना आधी आज्ञावली द्यावी लागे, आणि एकदा ती दिली की त्या मधे कुणाचेही ऐकत नसत. कोल्ह्याचा मुंग्यांवर फार जीव. तो आज्ञावली रचायचा कावळ्यांच्या भाषेत: "दाणा उचला. काठीवरून ओढा ओलांडा. दाणा ढोलीत टाका." ही भाषा साऱ्या जंगलाला येई, म्हणून कोल्ह्याला तीच खरी वाटे.

एकदा पलीकडच्या डोंगरावरून एक साळिंदर आले. त्याची भाषा भलतीच होती. तिच्यात प्रत्येक आज्ञेला जोडून 'तसे नसेल तर काय?' हेही सांगावे लागे. नाही सांगितले तर मुंग्या कामाला लागतच नसत. कोल्ह्याला हसू आवरेना. "काठी आहे म्हणजे आहे! नसेल कशी? आणि ही भाषा बोलतं तरी कोण? तू आणि तुझी आत्या?"

"आत्याही विसरली आता," साळिंदर म्हणाले. "पण एक दिवस वापरून तर बघा, मुकादम."

कोल्ह्याला त्याची फजितीच बघायची होती. त्याने लगेच होकार दिला.

दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग ओढ्यापर्यंत गेली आणि थांबली. बराच वेळ झाला तरी एक मुंगी हलेना. "अडलं ना तुझं घोडं!" कोल्हा सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला आणि मुंग्यांना रागवायला ओढ्यावर गेला. बघतो तर काठी नव्हतीच! डुंबायला आलेल्या म्हशींनी ती मोडून टाकली होती. पाण्यापासून बोटभर अंतरावर पहिली मुंगी तोंडात दाणा धरून उभी होती, आणि तिच्यामागे हजारो मुंग्या. काठी नसेल तर जागीच थांबा, असे साळिंदराने सांगून ठेवले होते.

कोल्हा मागोमाग आलेल्या साळिंदराकडे वळला. "माझ्या भाषेत त्या एकामागून एक पाण्यात गेल्या असत्या," तो म्हणाला, "आणि मी नुसता ओरडत राहिलो असतो. मी तुला हसलो, आणि तू माझ्या पोरी वाचवल्यास. तुझे उपकार मी विसरणार नाही."

साळिंदर लाजले. "हसलात, पण वापरून बघितलंत की! आमच्या डोंगरावर तेवढंही कुणी केलं नाही. आभार तर मीच मानायला हवेत."

कोल्ह्याने नवी फांदी ओढत आणून ओढ्यावर टाकली, आणि शेवटची मुंगी पार होईपर्यंत तो तिथून हलला नाही.

तात्पर्य : एखादी गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नाही, एवढ्यावरून ती निकामी ठरत नाही, आधी ती वापरून पाहावी, आणि उपयोगी पडली तर मोकळ्या मनाने आभार मानावेत.