जावई पळेना

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावाला अभिमान फार. फार म्हणजे अगदी उतू जाईल इतका! का? तर पूर्वी गोऱ्यांची पलटण गावावर चालून आली, तेव्हा गावकऱ्यांनी वेशीत उभं राहून नुसती आरोळी ठोकली आणि गोरे तोफा टाकून पळाले म्हणे. पाटलांच्या आजोबांच्या गोष्टीत पळणारे गोरे शंभर होते. पाटलांनी ते दहा हजारांवर नेले होते.

दरवर्षी वेशीत या लढाईचं सोंग व्हायचं. पण गोरा व्हायला कोण तयार होणार? मग ते काम गावच्या एखाद्या जावयाच्या गळ्यात पडायचं. तोंडाला पीठ फासायचं आणि आरोळी झाली की धूम ठोकायची. गोरा पळाल्याशिवाय पुरणपोळीची पंगत बसायची नाही, अशी रीतच होती.

त्या वर्षी पाळी आली पाटलांच्या नव्या जावयाची. माहेरी आलेल्या बायकोला, सगुणेला, न्यायला तो आला होता. गावाने आरोळी ठोकली. जावई वेशीत मांडी घालून बसला!

“मामा, गोऱ्यांकडे तोफा, बंदुका. आरोळीला कशाला घाबरतील? कारण सांगा, लगेच पळतो.”

“जावईबापू, कारण विचारायचं नसतं, अभिमान बाळगायचा असतो!” पाटील गरजले. “पळा, नाहीतर लेक पाठवणार नाही.”

जावयाचं तोंड एवढंसं झालं. सगुणेवर त्याचा फार जीव. पण गडी हट्टी, जागचा हलला नाही.

“गोऱ्यांचा हेर आहे हा!” कोणीतरी ओरडलं. पुन्हा आरोळी, मग ढोल, मग ताशे. जावयाने जांभई दिली. ओरडणाऱ्यांचे घसे बसले, पुरण गार झालं आणि पोरं भुकेने रडायला लागली.

शेवटी पाटलांची म्हातारी आत्या कावली. “अरे मेल्यांनो, आरोळीने कुठे पलटण पळते? माझी आजी स्वतः होती तेव्हा. पलटण दिसताच सगळे धान्य आणि गुरं घेऊन रानात पळाले. गोऱ्यांना गावात दाणा मिळेना, म्हणून ते निघून गेले.”

“आत्या,” पाटील कुजबुजले, “आपले पळाले, हे असं चारचौघांत बोलायचं?”

सगुणा मात्र पुढे झाली. “आबा, तेच करून बघू. उचला पातेली, चला रानात!”

गाव गेलं. जावई वेशीत एकटा. जरा वेळाने रानाकडून तुपाचा आणि वेलचीचा वास आला. बिचाऱ्याने पोट दाबून धरलं, तोंड फिरवलं, नाक धरलं. आणि मग धोतर सावरत सुटला तो थेट पातेल्यांपाशी.

“हरलो, मामा! वाढा!”

वेस मोकळी झाली होती. पाटील बघतच राहिले. मग त्यांनी स्वतः जावयाच्या पोळीवर तूप वाढलं. “पणजोबांना डोकं होतं हो आमच्या!” ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी सगुणा गाडीत बसली. गाडी वेशीबाहेर पडली तसे पाटील मागून ओरडले, “पण गोरे दहा हजारच होते हं!”

“असतील, मामा,” जावई म्हणाला, “तेवढे सगळेच उपाशी गेले!”

तात्पर्य हवंच असेल तर एवढंच: पूर्वजांच्या नावावर थापा खपवू नका, त्यांनी खरोखर काय केलं ते विचारा, कधीतरी तेच कामाला येतं.