नावाड्याची गाठ

फार फार मागे, पणजोबांच्या पणजोबांनाही आठवणार नाही इतक्या मागे, नदीकाठी एक गाव होतं. लहानांनो, नीट ऐका. मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच नीट ऐका, कारण गोष्ट आपलीच आहे. सांगणारा मीही त्यातून सुटत नाही.

त्या गावात एक रीत होती. कुणी पोथी लिहिली की ती कापडात बांधून शेजाऱ्याला द्यायची. शेजाऱ्याने ती सोडायची, शेवटपर्यंत वाचायची आणि परत बांधताना आपला एक दोरा वरून गाठ मारून ठेवायचा. जुन्या पोथ्यांवर असे दहा-दहा रंगांचे दोरे असत. वर्षातून एकदा, वसंत पंचमीला, गाठ पडलेल्या पोथ्या पालखीत घालून ग्रंथघरात नेत. लिहिणारा गळ्यात हार घालून पालखीपुढे चाले.

तो हार बघून सगळ्यांचेच हात शिवशिवू लागले. यात वाईट काही नव्हतं. माळ्याने लिहिलं, कुंभारणीने लिहिलं, तेल्याने तर आपल्या आजोबांच्या मिशांवर तीन भाग लिहिले. पण दिवस तेवढाच. लिहायला वेळ हवा म्हणून जो तो वाचणं टाळू लागला. पाणवठ्यावर गाठ पडली की एकच प्रश्न, "माझं वाचलंत का?" आणि उत्तरही एकच, "वाचतो हो, पण तुम्ही माझं वाचलंत का?"

होता होता वाचणारा एकच उरला, तो म्हणजे गावचा म्हातारा नावाडी. उतारू येईपर्यंत नावेत बसून तो वाचत राही. बायको नाही, मूलबाळ नाही, लिहायची हौसही नाही. सगळं गाव त्याच्याकडे पोथ्या आणून टाकू लागलं. तो वाचायचा, हसायचा, कधी डोळे पुसायचा, आणि मासे धरायच्या जाळ्याच्या दोऱ्याने घट्ट गाठ मारून पोथी परत करायचा. एकदा ती गाठ बसली की पोथी पुन्हा कुणी सोडत नसे. सोडायची कशाला? वाचल्याची खूण तर मिळाली होती.

एका हिवाळ्यात नावाड्याला अंधूक दिसू लागलं. तेव्हा तो एक जुनी पोथी वाचत होता. तिचा लिहिणारा कधीच वारला होता. हरवलेल्या भावाला शोधत एक बहीण नदीच्या उगमाकडे निघते, अशी ती गोष्ट होती. नावाडी अर्ध्यावर आला होता, पण पंचमी जवळ आली होती. गावातले पंधरा जण आपापली पोथी घेऊन काठावर उभे. मेलेला माणूस काही तगादा लावत नाही. नावाड्याने जुनी पोथी बाजूला ठेवली आणि उरलीसुरली नजर त्या पंधरा पोथ्यांवर खर्च केली.

पंधरावी वाचून होता होता डोळे जवळजवळ पुरते गेले.

कुंभारीण सर्वांत आधी आली. "काका, माझी कशी वाटली?"

"छान आहे, पोरी. माझं एक काम करशील? ही जुनी पोथी अर्धी राहिली आहे. थोडी वाचून दाखवतेस?"

"ती कुणाची?"

"गेला बिचारा लिहिणारा."

"मग त्याला आता काय करायचंय? हवं तर मी माझीच वाचून दाखवते."

"तुझी तर वाचली गं," नावाडी म्हणाला.

"मग पंचमी झाल्यावर बघू," असं म्हणून ती गेली. पुन्हा तोंडाने विचारायचा नावाड्याला संकोच वाटला. त्याने चाचपडत पंधरा चिठ्ठ्या लिहिल्या, प्रत्येक पोथीत एक घातली, वर गाठ मारली आणि पोथ्या घरोघर पाठवून दिल्या.

पंचमीला पालखी थाटात निघाली. हार पडले. पोथ्या ग्रंथघरात गेल्या. नावाडी रोज संध्याकाळी नावेत बसून काठावर पावलं वाजतात का ते ऐकत राहिला. पावलं वाजायची, पण ती पलीकडे जाणाऱ्यांची. नाव आता माळ्याचा मुलगा हाकत होता. कुणी थांबलं नाही. पावसाळ्याआधी म्हातारा गेला.

पुढची पंचमी आली तेव्हा गावात चाळीस नव्या पोथ्या होत्या आणि गाठ एकाही पोथीला नव्हती. कुंभारणीला एक युक्ती सुचली. जाण्याआधी म्हाताऱ्याने वाचली होती असं सांगून नावाड्याची गाठ आपणच मारली तर कोणाला कळणार? ती कशी मारतात ते बघायला तिने ग्रंथघरातली आपलीच जुनी पोथी काढली आणि गाठ सोडली. आतून चिठ्ठी पडली. वेडीवाकडी, मोठाली अक्षरं.

"माझे डोळे गेले. भावाला शोधणाऱ्या बहिणीची गोष्ट अर्धी राहिली आहे. संध्याकाळी नावेवर या, पुढचं वाचून दाखवा. मग तुमची गोष्ट मी पुन्हा ऐकेन."

तिने बाकीच्या चौदा पोथ्या सोडल्या. चौदांमध्येही तेच.

कुंभारीण धावत नदीवर गेली. नावेतल्या बसायच्या फळीखाली ती जुनी पोथी तशीच होती, अर्ध्यात वाळलेलं पिंपळपान घातलेली. तिने तिथून पुढे मोठ्याने वाचायला घेतलं. लोक जमले, खाली माना घालून बसले. शेवटच्या पानावर उगमापाशी बहिणीला भाऊ भेटला.

"काका, भेटला हो!" कुंभारीण रिकाम्या नावेकडे बघून ओरडली आणि मग तिला हुंदका आवरेना.

त्या वर्षी पालखी निघाली नाही. गावात लिहिणारे फार झाले होते का? मला तसं वाटत नाही. त्या प्रत्येकाला वाचण्यापुरते दोन डोळे होतेच की.

बोध एवढाच: आपलं कुणी वाचावं असं वाटत असेल, तर दुसऱ्याचं वेळेत वाचावं.