दहा हजार सात मुंग्यांची पंगत

झाडं दुपारच्या झोपेत बडबडायची, त्या काळातली ही गोष्ट. मोहाच्या एका झाडाखाली मुंग्या राहायच्या, बरोबर दहा हजार सात. मोह फुलला, गोड फुलांचा सडा पडला, आणि त्या गुंगवणाऱ्या वासात सगळ्या जेवायला जमल्या.

त्यांची रीत अशी, की सगळ्या पंगती सारख्या हव्यात आणि शेवटचं पान मांडल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही.

थोरल्या अक्कांनी दोन पंगती मांडल्या, तर एक मुंगी उरली. तीन मांडल्या, तर दोघी उरल्या. शंभर मांडल्या, तरी सात जणी उभ्याच! फुलं सुकायला लागली, लहानग्या भुकेनं पेंगायला लागल्या.

"आकडाच मेला अडेलतट्टू!" अक्का वैतागल्या. "एकीनं घरी जावं, म्हणजे दोन पंगती नीट बसतील."

सगळ्यात मागे उभी असलेली चिमी निमूटपणे वळली.

तेवढ्यात मोह झोपेतच पुटपुटला, "हा आकडा वाटला जायचा नाही गं. त्याला दोनच गोष्टी चालतात. एक तर सगळ्यांची मिळून एकच पंगत, नाहीतर प्रत्येकीची वेगळी."

एकटीनं जेवायचं, या विचारानंच अक्कांची भूक मेली. त्यांनी चिमीला हाक मारली.

सावलीच्या कडेकडेनं एकच पंगत निघाली. ती वळत वळत झाडाला फेरी घालून आली आणि शेवटचं, चिमीचं पान नेमकं अक्कांच्या पानाला येऊन टेकलं.

"अगं, सरक जरा," अक्का म्हणाल्या.

"सरकते हो अक्का," चिमी म्हणाली, "पण मग सगळ्यांनाच सरकावं लागेल."