सातभाईंचा पहारा

फार पूर्वी, माणसं हिशोबात एवढी हुशार झाली नव्हती तेव्हा, एका बोरीखाली सातभाई पाखरं राहायची. सात की नऊ, मोजायला मी गेलो नव्हतो. सगळे खाली किडे टिपायचे आणि एक जण फांदीवर बसून झडप घालणाऱ्या शिक्र्यावर नजर ठेवायचा. त्याला बाकीचे अळी नेऊन भरवायचे.

शहरातल्या पिंजऱ्यात राहून आलेला पोपट म्हणाला, "त्या वरच्या आयतोबाला फुकट कशाला पोसता? ज्याने त्याने आपलं पाहावं. मग बघा कसे गुबगुबीत होता!"

पटलं सगळ्यांना. तुम्हालाही पटलं असतं, हसू नका! पहारा बंद झाला. आता जो तो एक किडा टिपायचा आणि चारदा मान वर करायचा. धडधाकट होते ते अर्धपोटी राहिले, आणि लंगड्या भागीआत्याच्या वाट्याला तर काहीच येईना.

एके दिवशी उपाशी भागीआत्या आपणहून फांदीवर जाऊन बसली आणि ओरडली, "अरे मेल्यांनो, पळा, शिक्रा!" सगळे झुडपात घुसले आणि वाचले.

शिक्रा गेल्यावर त्यांच्यातला सगळ्यात तगडा धोंडू चोचीत अळी घेऊन वर आला.

"आत्या, आ कर."

"मी कुठे काम केलं रे? नुसती तर बसले होते," आत्या डोळे मिचकावत म्हणाली.

"मग तशीच बस," धोंडू म्हणाला.

त्या दिवशी खाली सगळे मान वर न करता पोटभर जेवले.