अर्ध्या पुलाचा शब्द

फार पूर्वी, डोंगरांनी वेढलेल्या एका राज्यात एक नावाजलेला सुतार राहत होता. राज्यातले बहुतेक लाकडी पूल त्याच्याच हाताखाली उभे राहिले होते.

एकदा राणीने त्याला दरबारात बोलावलं. नदीपलीकडच्या गावाचा संपर्क दर पावसाळ्यात तुटायचा, म्हणून तिथे पूल हवा होता. "पावसाळ्याआधी होईल ना?" राणीने विचारलं. सगळा दरबार सुताराकडे बघत होता. त्याला नाही म्हणवेना. "होईल," तो म्हणाला. बरोबरच्या माणसांना त्याने विचारलंसुद्धा नव्हतं.

त्या शब्दावर विसंबून पलीकडच्या गावाने धान्य भरून ठेवलं नाही. काम मात्र रखडलं. लाकूड उशिरा आलं, दोर अपुरे पडले आणि पहिले खांब रोवून होतात न होतात तोच नदीला पूर आला. धान्य घेऊन निघालेली होडी उलटली. नावाडी कसाबसा पोहून आला. पूर ओसरेपर्यंत पलीकडच्या लोकांनी कंदमुळांवर दिवस काढले.

पाणी उतरल्यावर राणीने पुढच्या पावसाळ्यासाठी पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी सुताराने आधी पुलाचा एकच गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, बांधून बघायची परवानगी मागितली.

तो गाळा झाल्यावर त्याने कामावरच्या सगळ्यांना गोल बसवलं. उरलेल्या कामाला किती महिने लागतील ते प्रत्येकाने मनात ठरवायचं आणि तेवढी बोटं एकदमच दाखवायची, म्हणजे कुणी दुसऱ्याचं बघून बोलणार नाही. बहुतेकांनी चार-पाच बोटं दाखवली. दोर वळणाऱ्या म्हातारीने दोन्ही हातांची दहाही बोटं दाखवली. काही जण हसले. सुताराने त्यांना गप्प केलं आणि तिला कारण विचारलं.

"एका हंगामाच्या अंबाडीत अख्ख्या पुलाचे दोर निघत नाहीत," ती म्हणाली.

मग खांब रोवणारेही बोलू लागले. नदीचा पलीकडचा तळ त्यांना वाटला होता त्याहून खडकाळ होता. बोलणं बराच वेळ चाललं.

दुसऱ्या दिवशी सुतार दरबारात उभा राहिला. "राणीसाहेब, या पावसाळ्याआधी पूल नदीतल्या बेटापर्यंतच होईल. बेटापलीकडे धार संथ आहे, तिथे होडी चालेल. पण गावाने धान्य भरून ठेवावं. पुढचं, बेटाला पोचल्यावर पुन्हा अंदाज घेऊन सांगेन."

राणीने विचारलं, "मागच्या वर्षी असं का नाही बोललास?"

"मागच्या वर्षी आपण कामाचं विचारलंत आणि मी आपल्याला ऐकायचं होतं ते उत्तर दिलं."

पूर आला तेव्हा पूल बेटापर्यंत पोचला होता. एका दुपारी पलीकडच्या गावातली एक बाई बाळंतपणात अडली. तिला होडीतून बेटावर आणलं आणि तिथून डोलीत घालून पुलावरून सुइणीकडे नेलं. डोलीचा एक दांडा सुताराच्या खांद्यावर होता. संध्याकाळी तिला मुलगी झाली.

तात्पर्य एवढंच: किती वेळ लागेल असं कुणी विचारलं, तर त्याला काय ऐकायचंय ते सांगू नये. काम करणाऱ्या सगळ्यांना विचारून आज जेवढं दिसतं तेवढंच सांगावं, आणि पुढचं दिसू लागलं की पुन्हा सांगावं.