चर्चासत्रातली केराची टोपली

एका विद्यापीठात जीवविज्ञानाचे असे एक चर्चासत्र भरत असे, की ज्यात वक्ते उत्तम होते, चहा उत्तम होता आणि काम मात्र तसूभरही पुढे सरकत नव्हते.

वनस्पतिशास्त्र, पदार्थविज्ञान आणि संख्याशास्त्र अशा तीन विभागांनी मिळून पानवेलीवरच्या एका रोगाचा अभ्यास हाती घेतला होता. जवळच्या गावातला एक पानमळा त्यासाठी निवडला होता. खायच्या पानांवर काळे डाग पडत आणि बघता बघता अख्खी ओळ सुकून जात असे. हा रोग कुठून सुरू होतो आणि कसा पसरतो, ते आधी सांगता यावे, एवढाच हेतू. दर पंधरवड्याला तिन्ही विभाग एका खोलीत जमत. ज्याची पाळी असेल तो पडद्यावर चित्रे दाखवी, बाकीचे माना डोलावत, शेवटी टाळ्या. प्रश्न कुणी विचारत नसे. व्याह्यांच्या घरी जेवायला बसावे तसे सगळे संकोचून असत. भाजीत मीठ कमी आहे हे प्रत्येकाला कळते, पण बोलायचे कुणी?

या मंडळींत सर्वांत धाकटी मुक्ता खराडे. वनस्पतिशास्त्रातली तिची पीएच.डी. याच मळ्यावर उभी होती. आणि आता पंचाईत अशी झाली होती, की तिन्ही विभागांच्या आकड्यांवरून बांधलेला अंदाज एकीकडे जाई आणि मळ्यातला रोग भलतीकडे. विभागप्रमुख देवस्थळी बाईंनी तिला बोलावून सांगितले, "हे बघ, येत्या बैठकीत मेळ बसला नाही, तर एकत्र काम बंद. सगळे आपापल्या विभागात परत. तुला नवा विषय घ्यावा लागेल, मुक्ता. मला हौस नाही, पण कुठवर ओढायचं?"

मुक्ता गेली ती थेट आचार्यांकडे. हे चर्चासत्र त्यांनीच सुरू केलेले. निवृत्त झाल्यावरही ते दर वेळी येत आणि खिडकीजवळच्या खुर्चीत गप्प बसून राहत.

"सर, किती वेळा नव्याने मांडलं. आता काय दाखवू?"

"काही दाखवू नकोस," आचार्य म्हणाले. "पडदा काढून ठेवायला सांग. सगळ्यांना निरोप दे, की मोजलेल्यातलं काय काय काढून टाकलंत आणि ते मळ्यात कुठलं होतं, तेवढंच चिठ्ठीवर लिहून आणा. बाकीचं मी आणतो."

बैठकीच्या दिवशी त्यांनी आणली ती केराची टोपली. वेताची, रिकामी, जिन्याखालून उचललेली. टेबलाच्या मधोमध ठेवली आणि स्वतः खिडकीशी जाऊन बसले.

पदार्थविज्ञानाचे निमकर हसू दाबत म्हणाले, "सर, आज स्वच्छता मोहीम आहे का? झाडूही आणायला हवा होता."

"झाडून तर तुमचं झालंय, निमकर. मी फक्त केर मागतोय."

देवस्थळी बाईंच्या कपाळावर आठी पडली. मुक्ताला धरणी दुभंगेल तर बरे, असे वाटले. जिच्यावर तिची सगळी वर्षे पणाला लागली होती त्या बैठकीत पडदा नाही, चित्रे नाहीत, नुसती टोपली!

निमकरांनी आपली चिठ्ठी टाकली. "दमटपणा मोजायचं एक यंत्र बिघडलं होतं. दुपारीसुद्धा शंभरावर अडकून बसायचं. मी त्याची सगळी मोजमापं वगळली. अहवालाच्या तळटीपेत लिहिलंय तसं."

"तळटीप कुणी वाचली?" आचार्यांनी विचारले.

संख्याशास्त्राच्या बागवान मॅडम म्हणाल्या, "मी तोडणीच्या वेळी खराब निघालेली पानं ओळीवार घेतली होती. काही ओळींचे आकडे इतके वर जात होते, की सगळं गणित वाकवत होते. अपवाद म्हणून बाजूला ठेवले. आमच्यात रीतच आहे ती." त्यांचीही चिठ्ठी टोपलीत गेली.

मग सगळ्यांनी मुक्ताकडे पाहिले. तिची चिठ्ठी मुठीतच होती. तिने काही वेल मोजलेच नव्हते आणि हे ती आजवर कुठल्याही बैठकीत बोलली नव्हती. आज बोलावे, तर बाईंसमोर आपल्या हाताने आपल्या कामावर बोट ठेवल्यासारखे. न बोलावे, तर नवा विषय ठरलेलाच. क्षणभर तिला वाटले, चिठ्ठी कोरीच होती म्हणून सांगावे. मग तिने मूठ उघडली.

"मी काही वेल सोडून दिले, मॅडम," ती देवस्थळी बाईंकडे पाहत म्हणाली. "शेतकऱ्यानं ते खाली उतरवून पुन्हा नव्यानं बांधले होते. पानाचं वय कळेना. म्हणून कडेच्या त्या ओळी घेतल्याच नाहीत."

"कुठल्या कडेच्या?" बागवान मॅडमनी एकदम विचारले.

"पूर्वेच्या. पाटाला लागून आहेत त्या."

बागवान मॅडमनी टोपलीत हात घालून आपलीच चिठ्ठी बाहेर काढली. "ओळी मी पश्चिमेकडून मोजल्या होत्या. म्हणजे माझ्या या शेवटच्या..."

"फळ्यावर काढा की," खिडकीजवळून आचार्यांचा आवाज आला.

मुक्ताने मळ्याचा चौकोन काढला. बागवान मॅडमनी आपल्या ओळी रंगवल्या, मुक्ताने आपले वेल. दोन्ही एकाच कडेला येऊन बसले. निमकर उठले, खडू घेतला आणि आपल्या बिघडलेल्या यंत्राची फुली नेमकी तिथेच मारली.

"बिघडलं नव्हतं ते," ते सावकाश म्हणाले. "पलीकडे उंच ऊस आहे. वारा अडतो. खाली पाट झिरपतो. तिथं दमटपणा खरोखरच हटत नसणार."

"म्हणजे रोग जिथून सुरू होतो, ती जागाच आपण वगळली," देवस्थळी बाई म्हणाल्या. "तिघांनी. वेगवेगळी."

आचार्य आता टेबलाशी आले. "माझ्या गावी एक किराणा व्यापारी होते. दुकान बंद करताना नोकराला म्हणायचे, केर आधी मला दाखव, मग टाक. लोक हसायचे. त्या केरात तांदूळ दिसले, की पोतं फाटलंय हे त्यांना कळे; लेंडी दिसली, की उंदीर आलाय. पण एकाच दुकानाचा केर एका माणसाला पुरेसा सांगतो. तुमची दुकानं तीन. प्रत्येकानं आपापलं लख्ख झाडलं, आपापल्या रीतीप्रमाणे, आणि त्यात चूक कुणाचीच नाही. इथं येऊन मात्र तुम्ही एकमेकांना फक्त मांडलेला माल दाखवत राहिलात. मांडलेला माल ज्याचा त्याचा वेगळा असतो. केर एकाच गल्लीतला निघाला."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. निमकर आणि बागवान मॅडम फळ्यापाशी वाद घालू लागले होते. ओळ कुठून मोजायची यावरून चांगलाच आवाज चढला होता, आणि त्या खोलीत असा आवाज प्रथमच चढत होता.

देवस्थळी बाईंनी पर्स उचलली. "मुक्ता, ते वेल का सोडलेस, हे लेखी हवंय मला. आणि विषय बदलायचं राहू दे तूर्तास. आधी ती कड मोजून या. तिघंही जा."

संध्याकाळी सफाईच्या मावशी खोलीत आल्या. त्यांनी टेबलावरची टोपली उचलली, तशी मुक्ताने पुढे होऊन तिच्यावर हात ठेवला.

"ही नको, मावशी."

"अगं, केरच आहे ना तो?"

"हो," मुक्ता म्हणाली. "अजून वाचायचाय."