पळीभर गुळाचा वसा

ऐका अन्नपूर्णामाते, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं, नगराच्या वेशीबाहेर ऊस होता, उसाच्या कडेला गुऱ्हाळ होतं. तिथं भिवबा नावाचा गुळव्या राही. उसाचा रस काहिलीत उकळावा, त्याचा गूळ करावा, हा त्याचा धंदा. काहील कधी उतरवायची हे त्याच्याइतकं कुणाला कळत नसे. रंग बघे, वास घेई, बोटावर घेऊन चाखी. एका काहिलीला एकदा चाखायचं, तिथं तो तीनदा चाखी. घरी आला की भाकरीवर काकवी ओती, वर गुळाचा खडा ठेवी, आणि म्हणे, "तोंड अजून गोड झालं नाही."

घरात त्याची म्हातारी आई होती आणि बायको होती. बायकोचं नाव आनसा. लग्नात आनसाला तिच्या आईनं पितळेची अन्नपूर्णा दिली होती. बोटभर उंच, वाटीतल्या तांदळात बसलेली, दोन्ही हातांत आडवी पळी धरलेली. दर शुक्रवारी आनसा तिला गुळाचा नैवेद्य दाखवी. दारी वाटसरू आला की गूळपाणी देई. त्या घराचं गूळपाणी पंचक्रोशीत ठाऊक होतं.

एके वर्षी काय झालं? फाल्गुनात शेवटची काहील उतरवताना उकळता पाक भिवबाच्या पायावर उडाला. अंगठ्यापाशी भाजलं. आठ दिवस झाले, जखम भरेना. पंधरा दिवस झाले, भरेना. महिना झाला, जखमेच्या कडा काळ्या पडल्या. मग वैद्याला बोलावलं. वैद्यानं नाडी पाहिली, जीभ पाहिली, पाय पाहिला. म्हणाला, "भिवबा, तुझ्या रक्तात गोड साठलंय. असंच चाललं तर पाय कापावा लागेल. रोजचं गोड बंद कर. आठवड्यातून एकदा चवीपुरतं घे, त्याला माझी ना नाही." लेप दिला आणि निघून गेला.

पाय कापावा लागेल, एवढंच आनसाच्या मनात राहिलं. भीतीनं पुढचं सगळं पुसून टाकलं. मग तिनं काय केलं? उतरंडीतला गूळ काढला, माळ्यावरच्या ढेपा काढल्या, काकवीची मडकी काढली. सगळं कोठीत ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. देवीचा गुळाचा नैवेद्यही बंद केला. म्हणाली, "तो खडा यांच्या दृष्टीला नको."

सासू म्हणाली, "गुळव्याचं घर, आणि मुंग्या उपाशी."

आनसा म्हणाली, "आत्याबाई, मुंग्यांना सहा पाय असतात. यांना दोनच आहेत."

चैत्रातला शुक्रवार होता, दुपारची वेळ होती. दारी एक म्हातारी आली. पांढरे केस, कपाळी मोठं कुंकू, हातात काठी. "बाई गं, लांबून आले. घशाला कोरड पडली. गुळाचा खडा दे आणि घोटभर पाणी दे."

"पाणी देते आजी. गूळ नाही."

"गुळव्याच्या घरी गूळ नाही?"

"नाही." असं म्हणून आनसा वळली, तशी कमरेची किल्ली वाजली. म्हातारीनं ती ऐकली. पाणी न घेता "येते बाई" म्हणाली आणि गेली.

इकडे भिवबाची काय गत? पहिल्या दिवशी गप्प जेवला. दुसऱ्या दिवशी अर्धं जेवला. तिसऱ्या दिवशी पानावरून उठला. आईचा जीव तुटला. तिनं शेजारणीकडून गूळ मागून आणला, कनवटीला बांधला, सुनेची पाठ वळली की लेकाच्या हातावर ठेवू लागली. आधी सुपारीएवढा, मग लिंबाएवढा, मग मुठीएवढा. समोर मिळत होता तेव्हा भिवबा खाई त्याहून आता लपून जास्त खाई, कारण पुढचा खडा कधी मिळेल याची खात्री नव्हती.

एक दिवस आनसानं खुंटीवरचं त्याचं पागोटं झटकायला घेतलं. पागोट्याला मुंग्या लागल्या होत्या. पदर उलगडला, आत गुळाचा खडा. तिनं ओरडा केला नाही. कोठी उघडली, अख्खी ढेप उचलून नवऱ्यापुढं आणून ठेवली, म्हणाली, "खा. हवा तितका खा. आजपासून मी बघणार नाही."

भिवबानं मान खाली घातली आणि खाल्ला. लाजेनं खाल्ला, रागानं खाल्ला, मग नुसताच खाल्ला. चौथ्या दिवशी अंगात ताप भरला. पाय जमिनीला टेकवेना.

ज्येष्ठातला शुक्रवार होता. तीच म्हातारी पुन्हा दारी आली. "बाई गं, गुळाचा खडा दे आणि घोटभर पाणी दे." आनसा रडून रडून थकली होती. तिनं उरलेली अर्धी ढेप आणली आणि धपकन म्हातारीच्या पदरात टाकली. "न्या आजी. सगळा न्या. या घरातून एकदाचा जाऊ दे."

म्हातारीनं ढेप उंबऱ्यावर ठेवली. म्हणाली, "मी खडा मागितला. त्या दिवशी माझ्यापासून गूळ राखलास, आज माझ्या अंगावर टाकलास. वाढलास कधी?" आणि गेली.

ते बोलणं आनसाच्या काळजात रुतलं. तिन्हीसांजेला ती देवापुढं दिवा लावायला बसली. बारा वर्षं ती त्या अन्नपूर्णेला चिंच लावून घाशी, बारा वर्षं वाटीतले तांदूळ बदली. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं देवीचे हात नीट पाहिले. देवीच्या हातात किल्ली नव्हती. देवीच्या हातात परातही नव्हती. पळी होती. जिनं वाढायचं, तिनंच मापायचं.

मग पुढचा शुक्रवार आला, म्हातारी तिसऱ्यांदा आली. आनसानं तिला पाट दिला. पळसाच्या पानावर एक पळी गूळ वाढला, तांब्या भरून पाणी ठेवलं आणि स्वतः शेजारी बसली. म्हातारीनं सावकाश खाल्ला. पाणी प्याली. म्हणाली, "पुरे."

आनसानं तिचे पाय धरले. "आजी, माझ्या माणसाचा पाय वाचेल असा काही वसा असेल तर मला सांगा."

"तुला गं कशाला वसा हवा? उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही. एक दिवससुद्धा चुकणार नाही."

"तेवढं म्हणू नकोस," म्हातारी म्हणाली. "चुकशील. तो चुकेल, सासू चुकेल, तूही चुकशील. चुकलेल्या दिवशी वसा मोडला म्हणू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा पळी हाती घ्यावी. हाच या वशाचा नेम. आता ऐक. कोठीचं कुलूप काढावं. सहा दिवस भाकरी, पालेभाजी, ताक. गूळ घरात असावा, पानात नसावा. सातव्या दिवशी शुक्रवारी देवीला पळीभर गूळ दाखवावा आणि सगळ्या घरानं एका पंक्तीला बसून तो वाटून खावा. लपून खाऊ नये, उभ्यानं खाऊ नये. नेम आजाऱ्यानं एकट्यानं करू नये, साऱ्या घरानं करावा. आणि पुरे हा शब्द वाढणारीनं म्हणू नये. खाणाऱ्यानं म्हणावा."

"त्यानं म्हटलाच नाही तर?"

"पळी एकदाच भरावी, आणि वाट बघावी."

आषाढातल्या पहिल्या शुक्रवारी आनसानं वसा घेतला. कोठीचं कुलूप काढलं, किल्ली विहिरीत टाकली. सासूला म्हणाली, "आत्याबाई, आजपासून आपण तिघांनी एकच जेवायचं." सासू म्हणाली, "माझा पाय धड आहे की." तरी पाटावर येऊन बसली. भिवबानं आपल्या वाटचा गूळ चाटून खाल्ला आणि पुन्हा हात पुढं केला. आनसानं पुन्हा वाढलं नाही. पळी पानाशेजारी ठेवून बसून राहिली. बऱ्याच वेळानं त्यानं हात मागं घेतला. पुरे म्हणाला नाही.

असे शुक्रवार गेले. वैद्याचा लेप रोज चालला होता. श्रावणात ताप उतरला. भाद्रपदात जखमेची काळी कड लाल झाली. आश्विनात मधलं मांस भरू लागलं.

मग दिवाळी आली. भिवबा काठी टेकत भावकीत फराळाला गेला. एक करंजी खाल्ली, दुसरी खाल्ली, सातवी खाल्ली. घरी आला, ओसरीवर बसला, वर बघेना. म्हणाला, "आनसे, वसा मोडला. आता राहिलंच काय? कोठीत जातो आणि पोटभर खातो."

आनसाचा हात कमरेला गेला. तिथं किल्ली नव्हती. जिभेवर शब्द आला, "खा हवा तितका." तोही तिनं गिळला. मग म्हणाली, "मोडला नाही, चुकला. उद्या सकाळी भाकरी थापते. हात धुऊन या."

सासू हे सगळं बघत होती. तिनं कनवटीची गाठ सोडली, आतला खडा काढून देवीपुढं ठेवला. म्हणाली, "इतके महिने बांधून होते. दिला नाही, पण टाकवतही नव्हता."

मार्गशीर्षात जखमेवर कातडी धरली. वैद्य म्हणाला, "रोग गेला नाही, जन्मभर जपायला हवं. पण पाय राहिला." गुऱ्हाळ पेटलं. भिवबा दोन पायांवर काहिलीपाशी उभा राहिला. रंग पाहिला, वास घेतला, बोटावर घेऊन एकदाच चाखला. काहील उतरली. शुक्रवार होता. आनसानं ताज्या गुळाची पळी भरून त्याच्यापुढं धरली. त्यानं अर्धी खाल्ली. उरलेल्या गुळाकडं बघत राहिला. आनसा थांबली, आई थांबली, गड्यांनीही हात थांबवले.

भिवबा म्हणाला, "पुरे. बाकीचा वाटसरूला ठेव."

आनसा घरी आली, देवापुढं हात जोडून बसली, तो काय पाहते? वाटीतले तांदूळ जागच्या जागी होते, देवी जागच्या जागी होती, आणि देवीच्या पितळी पळीला ताजा गूळ लागला होता. बोट लावलं, तर अजून कोमट होता.

जशी अन्नपूर्णा आनसाला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. आपल्या कोठीला कुलूप न पडो, आपल्या घासाला लाज न लागो, चुकलेल्याला दुसरा दिवस मिळो, आणि पुरे हा शब्द ज्याचा त्याच्या ओठी येवो. ही साठां उत्तरांची कहाणी, पळीभर उत्तरी सुफळ संपूर्ण.